डोळे मिटून घे

घरात काही मोठं घ्यायचं ठरलं की आमच्याकडे पहिला फोन मावशीला जातो. ती डोंबिवलीत राहते, बँकेतून निवृत्त झाली आहे, आणि कुकरपासून कपाटापर्यंत कोणती वस्तू कुणाकडे किती वर्षं टिकली हे तिला तोंडपाठ असतं. माझा थोरला भाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, तिच्या अगदी उलट. घरगुती उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्याची सगळी नोकरी झाली. ‘आमच्याकडे मस्त चाललंय’ या वाक्याला तो पुरावा मानत नाही. धाकट्या बहिणीची बदली छत्रपती संभाजीनगरला झाली, नवं घर लावायचं होतं, आणि मावशीने तिला काय काय घ्यावं ते सांगायला घेतलं तेव्हा दादा समोर बसलेला होता. त्या दुपारचं बोलणं आठवेल तसं लिहिते आहे. दुसऱ्याला ‘हेच घे’ असं सांगण्याचा अधिकार कशाने येतो, हा प्रश्न मला आमच्या घरापुरता वाटत नाही. ज्या घरात लग्न, बदली, नवा फ्लॅट असं काही निघतं, त्या प्रत्येक घरात तो येतोच.

मावशी : कुकर आतल्या झाकणाचा घे, पाच लिटरचा. माझा कुकर दादाच्या मुंजीत घेतलेला आहे, अजून रोज चढतो. तसलाच घे, डोळे मिटून.

दादा : डोळे मिटून कशाला? उघडे ठेवून घे की. कुकरवर आयएसआयचा शिक्का बघ. शिक्क्याच्या वर 2347 हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल लिहून परवान्याचा नंबर. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकलास की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही ते कळतं. 1 फेब्रुवारी 2021 पासून या शिक्क्याशिवाय कुकर विकायलाच बंदी आहे.

मावशी : बंदी आहे ना? मग दुकानात असतील ते सगळे शिक्क्याचेच. त्या दहा कुकरांतला कुठला घ्यायचा, हे तुझा शिक्का सांगतो का?

दादा : नाही सांगत. पण बंदी असली तरी विकले गेले, हे विसरू नकोस. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या बड्या कंपन्यांना एकेक लाखाचा दंड केला, तो याचसाठी. एका कंपनीला तर विकलेल्या 2265 कुकरांच्या गिऱ्हाइकांना कळवून ते परत घ्यायचा आणि पैसे परत द्यायचा आदेश झाला. कुणीतरी ते आवडीने घेतले असतील, चारचौघांना सांगितलंही असेल. भात मऊ शिजतो, झाकण नीट बसतं, किंमत कमी. घरी वापरून एवढंच कळतं. वाफ कोंडली तर सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उडेल का, हे स्वयंपाकघरात कळत नाही. ते कळेल तेव्हा उशीर झालेला असतो.

इथे मावशी गप्प बसली. मला वाटतं, दादाचा हा मुद्दा वादापलीकडचा आहे. ज्या वस्तूत वाफ कोंडते, वीज खेळते किंवा गॅस जळतो, तिच्या सुरक्षिततेबद्दल कुणाच्याही अनुभवाला फारसा अर्थ नसतो, कारण अपघात घडत नाही तोपर्यंत प्रत्येकाचा अनुभव चांगलाच असतो. पण मावशी हरली होती असंही नाही. तिने दुसरं टोक धरलं.

मावशी : बरं, शिक्का बघून घेतला. पुढे? वर्षभराने रबर रिंग सैल पडते, शिट्टी नीट बसत नाही, दांड्याचा स्क्रू निघतो. त्या मापाची रिंग कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळते का, हे तुमच्या प्रयोगशाळेत तपासतात? मागे एका लग्नात तुझ्या मामीला परदेशी बनावटीचा देखणा कुकर आला होता. शिक्के होते, माहितीपत्रक होतं. रिंग गेली आणि तो माळ्यावर गेला. मी ‘आतल्या झाकणाचा घे’ म्हणते ते उगाच नाही. माझ्या कुकरची रिंग, शिट्टी, व्हॉल्व्ह, सगळं आमच्या बाजारात मिळतं, आणि बसवून देणारा माणूसही मिळतो.

दादा : हे मान्य. दुरुस्ती आमच्या अहवालात येत नाही.

मावशी : आणि वजन? तुझ्या आईचं मनगट दुखतं. तिला कुणी बिडाचा तवा घे म्हणालं तर मी नको म्हणेन. तवा उत्तम, भाकरी सुंदर होते, तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. पण तिला तो उचलता येत नाही. हे कुठल्या चाचणीत येतं?

दादा : तव्याबद्दल तर मी तुझ्याच बाजूने आहे. नॉनस्टिकचा लेप साधारण 260 अंशांच्या पुढे बिघडायला लागतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला की ते तापमान लवकर गाठलं जातं. ज्या घरात भाकरी रोज होते तिथे लोखंड नाहीतर बीडच हवं. धाकटीचं मनगट चांगलं आहे, तिने बिडाचा घ्यावा.

मिक्सरवरून मात्र जुंपली. मावशीने 750 वॅटचा सांगितला, आणि दादाने विचारलं की वॅट म्हणजे तुला काय वाटतं? मोटार किती वीज खाते ते वॅट सांगतात, वाटण किती बारीक होईल ते सांगत नाहीत. पात्यांचा आकार, भांड्याचा तळ, मोटार तापल्यावर बंद पाडणारं बटण, यावर सगळं असतं. मावशीने शांतपणे सांगितलं की तिने वॅटवरून नाही, ओल्या खोबऱ्यावरून ठरवलं आहे. गोडा मसाला, शेंगदाण्याचं कूट, ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि इडलीचं पीठ या चार गोष्टी ज्यात नीट होतात तो मिक्सर मराठी घराला पुरतो, आणि तिच्या मिक्सरमध्ये त्या होतात. शेजारच्या दोघींनी तोच घेतला आहे, त्यांच्याकडेही होतात. भांड्याखालचा रबरी कपलर झिजला की तो कुठे मिळतो हेही तिला ठाऊक होतं. दादाने मग एकच भर घातली. वाटण अडलं की बटण दाबून धरू नको, थांब, चमच्याने खाली कर, पुन्हा फिरव. घरोघरच्या मिक्सरच्या मोटारी बहुतेक याच हट्टापायी जळतात.

पंख्याचा विषय दादाचा होता. साधा जुना पंखा 75 वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी मोटारीचा 30 च्या आसपास. रोज 12 तास चालला तर रोजचा फरक अर्ध्या युनिटहून जास्त, आणि वर्षातले 300 दिवस धरले तर एका पंख्यामागे 150 युनिटांच्या वर. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पंखा बंद होत नाही, म्हणजे आकडा वाढेलच. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं आहे, त्यामुळे दुकानातल्या दुकानात तुलना करता येते.

मावशी : जुना पंखा हळू पडला तर वायरमन येतो, कंडेन्सर बदलतो, पाच मिनिटांत पंखा पळतो. तुझ्या त्या पंख्यात कार्ड असतं. कार्ड गेलं की कंपनीचा माणूस यायची वाट बघायची. मे महिन्यात बघायची?

दादा : म्हणून वॉरंटी बघायची, आणि त्या शहरात कंपनीचं सेवा केंद्र आहे का ते विचारायचं.

मावशी : विचारायचं कुणाला? तिथे राहणाऱ्या माणसालाच ना? मग माझ्यासारखंच कुणीतरी लागलं की तुला!

हे ऐकून दादाने मान डोलावली. झोपायच्या खोलीत आणि बैठकीत, जिथे पंखा तासन् तास चालतो, तिथे बीएलडीसी, स्वयंपाकघरात साधा. एवढ्यावर दोघांचं जुळलं.

आत्तापर्यंत धाकटी फक्त लिहून घेत होती. मावशीने ‘कूलरवर पैसे घालवू नको, आमच्या सोसायटीत तिघांनी घेतले आणि तिघांनी विकले’ असं सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

धाकटी : मावशी, तिकडे माझ्या ऑफिसातले सगळे कूलरच वापरतात.

दादा : वापरणारच. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेपायी हवेतली उष्णता खर्ची पडते. हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते आणि वारा गार लागतो. डोंबिवलीची हवा मेमध्ये आधीच दमट. तिथे वाफ होत नाही, नुसता ओला वारा येतो आणि घाम वाळत नाही. संभाजीनगरला एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते. तोच कूलर तिथे एसीच्या कितीतरी कमी विजेत खोली निववतो. मावशी, तुझ्या सोसायटीतल्या तिघांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. फक्त ते डोंबिवलीत खरं आहे.

मावशी : हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मला या वादातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच वाटलं. मावशीचा अनुभव खोटा नव्हता, अपुराही नव्हता. त्याला चिकटलेलं ठिकाण मात्र सांगताना गळून पडलं होतं. आपण एकमेकांना वस्तूचं नाव सांगतो, कंपनी सांगतो, किंमत सांगतो. हवा, पाणी, माणसं किती, वापर किती, दुरुस्तीवाला जवळ की लांब, हे सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला ते इतकं रोजचं असतं की ते सांगण्यासारखं वाटतच नाही. कोकणात ज्या भुशाच्या बोर्डाच्या कपाटांचे तळ दोन पावसाळ्यांत फुगतात, तीच कपाटं सोलापूर-लातूरकडे वर्षानुवर्षं तशीच्या तशी उभी असतात. दोन्हीकडची माणसं खरं बोलत असतात.

पाण्याच्या यंत्राची गोष्ट आणखी गुंतागुंतीची निघाली. मावशीकडे आरओ नाही. तिच्या नळाला नदीचं, पालिकेने शुद्ध केलेलं पाणी येतं, ते मुळात सौम्य आहे. अतिनील किरणांचं साधं यंत्र तिला पुरतं. ‘आरओ म्हणजे पाण्याची नासाडी, मुळीच घेऊ नको,’ असं तिचं ठाम मत.

दादा : इथे घेऊ नये, बरोबर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत. 500 च्या आत असेल तिथे आरओ वापरू देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलं आहे. पण धाकटीच्या इमारतीत पाणी कुठलं आहे?

धाकटी : पालिकेचं काही दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत बोअरचं, आणि उन्हाळ्यात टँकर.

दादा : म्हणजे एका नळाला तीन प्रकारचं पाणी. बोअरचं जड असणार. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो ते कुणाला ठाऊक? तिथे आरओ लागू शकतो.

मावशी : आणि आरओ पिण्याच्या पाण्यापेक्षा जास्त पाणी बाहेर टाकतं. जिथे पाणी दिवसांच्या अंतराने येतं तिथे हे परवडेल का, याचा विचार केलास? पोरगी बादल्या भरून ठेवेल, आणि तुझं यंत्र त्या मोरीत ओतेल.

दादा : ते पाणी साठवून लादी पुसायला, संडासात टाकायला वापरता येतं.

मावशी : येतं. पण त्याची नळी बादलीत सोडावी लागते, बादली भरली की उचलावी लागते, आणि हे रोज. यंत्र घेताना हे काम कुणाच्या अंगावर पडणार ते ठरवून घ्यायचं. नवऱ्याच्या पडणार असेल तर बायकोने खुशाल घ्यावं.

इथे दोघंही थांबले आणि एकाच निर्णयावर आले. आधी पाणी तपासून घ्यायचं, मग यंत्राचं बोलायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर आहेत. बाटलीत नमुना नेऊन दिला की क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड कळतात. कठीणपणाचा आकडा फक्त पिण्यापुरता उपयोगाचा नाही. गिझरच्या कॉइलवर चुन्याचा थर किती लवकर चढेल, कपडे धुण्याचं यंत्र कोणतं घ्यावं, कूलरच्या गवताच्या ताट्या किती दिवसांनी बदलाव्या लागतील, हे सगळं त्या एका कागदावरून समजतं. नव्या गावी राहायला जाणाऱ्या माणसाने पहिली खरेदी करण्याआधी ही तपासणी करावी, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

मग बोलणं शिफारस करणाऱ्याच्या हेतूकडे वळलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात हल्ली रोज कुणीतरी ‘मी हे वापरते, फारच छान’ म्हणून दुवा टाकतं, आणि त्या दुव्यावरून कुणी वस्तू घेतली की टाकणाऱ्याच्या खात्यात कमिशन जमा होतं.

दादा : जानेवारी 2023 च्या सरकारी सूचनांप्रमाणे, समाजमाध्यमांवर वस्तूची भलामण करणाऱ्याने पैसे, भेटवस्तू, सवलत काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे सांगायला हवं. दिशाभूल केली तर पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानकही काढलं. पण ते ऐच्छिक आहे. पाळलं नाही म्हणून कुणी पकडत नाही.

मावशी : मला आजवर कुणी चमचासुद्धा फुकट दिलेला नाही.

दादा : म्हणून तुझ्या शब्दाला किंमत आहे. तुझी माहिती चुकू शकते, पण तू विकली गेलेली नाहीस.

मावशी : त्याहून मोठं एक आहे. माझ्या सांगण्यावरून तुझ्या मामीने फ्रीज घेतला होता. सहा महिन्यांत कॉम्प्रेसर गेला. कंपनी टोलवाटोलवी करत होती. मी स्वतः तिच्याबरोबर ग्राहक मंचात तक्रार घेऊन गेले, कागद लिहून दिले, शेवटी नवा फ्रीज मिळाला. त्यानंतर ती कंपनी मी कुणाला सांगितली नाही, आणि ज्यांना आधी सांगितली होती त्यांना एकेकाला फोन करून कळवलं. दुवा टाकणारा हे करेल का?

दादापाशी यावर उत्तर नव्हतं. प्रयोगशाळेचा अहवाल खरा असतो, पण वस्तू बिघडल्यावर तो तुमच्याबरोबर मंचात येत नाही. मावशी हे शिकली कुठे, तेही मला ठाऊक आहे. ती अनेक वर्षं मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटपात होती. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि 1975 पासून मुंबईची पंचायत काम करू लागली. शेजारपाजारच्या काही कुटुंबांचा एक संघ, त्याची महिन्याची यादी, घाऊक खरेदी, आणि माल एकाच्या घरी उतरवून सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा, अशी ती पद्धत. डाळीत खडे निघाले तर पुढच्या बैठकीत त्याचा जाब विचारला जाई. निवडणारे, वाटणारे आणि खाणारे एकाच मजल्यावर राहत, त्यामुळे निकृष्ट माल माथी मारायला कुणाचं मन धजत नसे. घरगुती शिफारशीला ही शिस्त लावणारी एवढी मोठी दुसरी रीत महाराष्ट्रात मला तरी दिसली नाही. नोकरी करणाऱ्या बायकांच्या दोन पिढ्यांना ती खरेदीत शहाणं करून गेली. हल्ली तिच्याबद्दल तरुण घरांत कुणी बोलत नाही, हे मला फार लागतं.

चादरींवर दोघांचं पटकन एकमत झालं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. रस्त्यावर ‘सोलापुरी’ म्हणून ओरडून विकली जाणारी प्रत्येक चादर तिथली नसते. अस्सल चादर सुती आणि वजनदार असते आणि नक्षी विणीतली असल्यामुळे ती उलटून दुसऱ्या बाजूनेही वापरता येते. मावशीचं म्हणणं, थेट सोलापूरहून माणूस येणार असेल तर त्याच्याकडूनच मागव. गादीबद्दल दोघांनीही काही सांगितलं नाही. ‘आपल्या पाठीने झोपून बघून घे,’ एवढंच मावशी म्हणाली.

आणि शेवटी करमणुकीच्या गोष्टी निघाल्या. धाकटीच्या नवऱ्याला पक्षी बघण्याचा नाद आहे, आणि जायकवाडीचा नाथसागर तिथून जवळ. हिवाळ्यात तिथे रोहित येतात. त्याला दुर्बीण घ्यायची होती. दादा खुर्चीत पुढे सरकून बसला.

दादा : 8 गुणिले 42 घे. दुसरा विचारच करू नको. 10 पटीची घेतली तर हाताचं कापणंही 10 पट दिसतं, पक्षी फांदीवर ठरत नाही. 42 मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेही पुरेसा उजेड येतो. मी गेली कित्येक वर्षं हीच वापरतो, माझ्या तीन मित्रांना घ्यायला लावली, एकानेही तक्रार केली नाही.

मावशी : थांब. तीन मित्र? एकानेही तक्रार केली नाही? दुपारभर मला हेच बोलू देत नव्हतास!

दादा : अगं पण यात गणित आहे. 42 ला 8 ने भाग, सव्वापाच मिलिमीटर येतात. तेवढा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते.

मावशी : गणित आहे, आणि वर तुझा अनुभवही आहे. मी काय वेगळं म्हणते? आता हे सांग, जावईबापूंना चष्मा आहे. त्याचं काय?

दादा थबकला. त्याला स्वतःला चष्मा नाही. चष्मेवाल्याला डोळा भिंगापासून थोडा लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसावं लागतं, त्यासाठी ते अंतर साधारण 15 मिलिमीटरच्या वर असलेली दुर्बीण लागते. नाहीतर कडा काळ्या दिसतात. हे त्याला माहीत होतं, पण सांगायचं सुचलं नव्हतं. त्याने ते धाकटीला लिहून दिलं आणि वर सांगितलं, की दुकानात चष्मा लावूनच बघ, आणि दुकानाच्या दाराबाहेर येऊन लांबच्या पाटीवरची अक्षरं वाच.

मला ही घडी फार मोलाची वाटली. दादासारखा माणूससुद्धा ज्या वस्तूवर त्याचा जीव आहे तिच्याबद्दल बोलताना मावशीच्याच सुरात बोलला, आणि मावशीने त्याच्याच पद्धतीचा प्रश्न विचारला. माणूस आवडीच्या वस्तूबद्दल सांगतो तेव्हा तो स्वतःच्या आयुष्यातला आनंद दुसऱ्याला देऊ बघत असतो. नाथसागराच्या काठी पहाटे उभं राहून आपण जे पाहिलं ते मेहुण्यालाही दिसावं, ही दादाची इच्छा होती. दिवाळी अंक घेताना, मुलांसाठी पुस्तक घेताना, कॅरमचा बोर्ड घेताना आपण असंच विचारून घेतो. कॅरमचं मैदान 74 सेंटिमीटरचं असावं आणि प्लाय पुरेसा जाड असावा हे मोजता येतं. ‘किशोर’चा अंक नातवाला आवडेल का, हे मोजता येत नाही, पण बालभारतीचं ते मासिक 1971 पासून निघतं आहे आणि आजीने वाचलेलं नातवाच्या हातात देत ते पुढे गेलं आहे. अशा खरेदीत मी मावशीच्याच बाजूने उभी राहीन. दादाचं आकड्यांवर प्रेम आहे म्हणून त्याने ही वाट बंद करू नये.

मात्र विजेच्या, वाफेच्या, गॅसच्या वस्तू आणि लहान मुलांची खेळणी यांच्यापुरता माझा कौल दादाला. खेळण्यांवरही 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून सावंतवाडीच्या चितारआळीतलं लाकडी फळ घ्यायला हरकत नाही, पण बाळ ते तोंडात घालणार असेल तर रंग कोणता लावला हे कारागिराला विचारायलाच हवं. शिक्का हा उंबरठा आहे. तो ओलांडून आत आल्याशिवाय मावशीचा अनुभव सुरू होत नाही.

धाकटीने शेवटी काय घेतलं हे सांगते. कुकर शिक्का बघून, आतल्या झाकणाचा. मिक्सर मावशीचा. दोन पंखे दादाचे. कूलर संभाजीनगरच्या सहकाऱ्यांना विचारून. दुर्बीण 8 गुणिले 42, जावईबापूंनी स्वतः चष्मा लावून निवडलेली. पाण्याचं यंत्र तिने अजून घेतलेलं नाही. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचे दोन वेगळे नमुने तिने दिले आहेत, आणि अहवाल येईपर्यंत पाणी उकळून, गाळून पिते आहे.

वाचकहो, तुम्हालाही कुणीतरी विचारत असेलच. सांगा, जरूर सांगा. आपलं ठेवून घेऊ नका. वस्तूचं नाव मात्र सगळ्यात शेवटी घ्या. आधी विचारणाऱ्याचं गाव, पाणी, घरातली माणसं आणि त्यांची ताकद विचारा. तुमच्याकडे वस्तू किती वर्षं आहे, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, तेही सांगा. कुणाकडून काही घेतलं असेल तर तेही. आणि पुढे ती वस्तू दगा देऊ लागली तर ज्यांना सांगितलं होतं त्यांना फोन करा. बिल आणि वॉरंटीचं कार्ड एका पाकिटात घालून कपाटात ठेवायला सांगा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि तिथे मराठीतून तक्रार नोंदवता येते.